घराचं ऑटोमेशन: सॉफ्टवेअर विकत घ्यायचं की स्वतः लिहायचं, हे ठरवण्याचा क्रम

घरात ऑटोमेशन करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "कुठलं ॲप चांगलं?" ज्यांना थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं ते विचारतात, "हे मीच लिहून काढलं तर?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण फार लवकर विचारले जातात. ॲप ठरतं, सेलमध्ये दहा मॉड्यूल (स्विचमागं बसणारी, ॲपवरून चालणारी छोटी साधनं) मागवली जातात, मग वायरमन बोर्ड उघडतो आणि म्हणतो, "इथं न्यूट्रलच नाही." तिथून पुढं सगळा जुगाड.

खालचा क्रम फ्लॅट, रो-हाऊस किंवा गावाकडच्या घरासाठी आहे. टप्पे उलटसुलट करू नका. विकत की स्वतः, याचं उत्तर पहिल्या तीन टप्प्यांतून निम्मं आपोआप मिळतं.

## १. आधी बोर्ड उघडून बघा

मेन बंद करा, वायरमनला सोबत घ्या, प्रत्येक बोर्ड उघडून फोटो काढा. बघायच्या गोष्टी तीन: न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार), जागा आणि लोड (त्या बोर्डावरची उपकरणं किती वीज ओढतात).

न्यूट्रल. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथं न्यूट्रल असतोच, कारण सॉकेटला तो लागतो. अडचण येते ती नुसत्या स्विचच्या बोर्डात: जिन्यातला टू-वे, पलंगाशेजारचा, बाथरूमबाहेरचा. तिथं फेज येते, स्विचमधून दिव्याकडे जाते, आणि न्यूट्रल परस्पर छतात गेलेला असतो. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात, पण ती दिव्यातूनच किंचित करंट ओढून जिवंत राहतात. कमी वॅटचा एलईडी असला तर तो बंद केल्यावरही मिणमिणतो किंवा मध्येच लुकलुकतो. मग त्याला समांतर कपॅसिटर लावावा लागतो. शक्य असेल तिथं सरळ न्यूट्रल ओढून घ्या.

सावधान: "शेजारच्या बोर्डातून न्यूट्रल घेऊ" असं वायरमन म्हणाला तर दोन्ही बोर्ड एकाच आरसीसीबीखाली (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहेत का, हे आधी विचारा. वेगवेगळ्या आरसीसीबीखाली असतील तर दिवा लावला की आरसीसीबी पडणार, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरमध्ये शोधला जाणार.

जागा. बोर्डामागची पेटी उथळ असेल तर मॉड्यूल तारांवर दाबून बसवावं लागतं आणि ते तापतं. पेटी पत्र्याची असेल तर वाय-फायही अडतं. अशा ठिकाणी मॉड्यूल डीबीमध्ये (घराच्या मुख्य वीजपेटीत) किंवा फॉल्स सीलिंगमध्ये बसवण्याचा विचार करा.

लोड. दिवे कुठल्याही मॉड्यूलवर चालतात. बाकीच्यांचा हिशेब करावा लागतो. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा १३. "१० अँपिअर" लिहिलेल्या प्लगवर पहिला कागदावर बसतो, पण रोज अर्धा तास मर्यादेला चिकटून चालवल्यावर प्लगचे संपर्क काळे पडायला वेळ लागत नाही. गिझरला १६ अँपिअरचंच साधन हवं. पंपाचं आणखी वेगळं. रिलेवर (मॉड्यूलमधला विजेनं चालणारा छोटा स्विच) छापलेले १६ अँपिअर हे हीटरसारख्या साध्या लोडसाठी असतात. मोटार सुरू होताना कित्येक पट करंट ओढते आणि रिलेचे संपर्क चिकटून बसतात. चिकटलेला रिले म्हणजे ॲपवर "बंद" आणि टाकीवरून पाण्याचा धबधबा. मोटारीसाठी मध्ये एसी-३ (म्हणजे मोटारीसाठीच्या) रेटिंगचा काँटॅक्टर, म्हणजे जड लोड पेलणारा मोठा रिले, हवाच, आणि रिलेनं फक्त त्या काँटॅक्टरची कॉइल चालवायची.

पंख्याचा वेग दिव्याच्या डिमरनं बदलू नका. पंखा गुणगुणतो आणि मोटार तापते. पंख्यासाठीचा स्मार्ट रेग्युलेटर बसवला तर जुना रेग्युलेटर सर्किटमधून पूर्ण काढा. बीएलडीसी पंखा असेल तर रेग्युलेटर लागतच नाही. त्याला रिमोटचे सिग्नल देणारं साधन हवं.

तपासा: प्रत्येक बोर्डाच्या फोटोवर "न्यूट्रल आहे/नाही", पेटीची खोली आणि लोड लिहून झालं का? नसेल तर अजून काहीही मागवू नका.

## २. वहीत कामं लिहा, साधनं लिहू नका

"स्मार्ट प्लग पाच, सेन्सर तीन" अशी यादी इथं कामाची नाही. पूर्ण वाक्यं लिहा: "सकाळी साडेपाचला गिझर लागावा आणि वीस मिनिटांनी बंद व्हावा." "आजी रात्री उठली तर पॅसेजचा दिवा मंद लागावा." "नळाला पाणी आलं की खालची टाकी भरताना कळावं." "घराबाहेर पडताना एसी चालू राहिला असेल तर फोनवर निरोप यावा."

प्रत्येक वाक्यापुढं दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. हे काम एखाद्या दिवशी झालंच नाही तर काय होईल? आणि नको तेव्हा झालं तर काय होईल? पॅसेजचा दिवा लागला नाही तर आजी भिंतीवरचं बटण दाबेल. पंप नको तेव्हा लागला तर मोटार जळेल. गिझर विसरला गेला तर बिल येईल. या उत्तरांवरून कामांचे तीन ढीग आपसूक पडतात: सोयीची, पैशांची आणि धोक्याची.

सोयीच्या ढिगासाठी तयार ॲप पुरतं, त्यावर डोकं खपवू नका. पैशांच्या ढिगात थोडी हुशारी लागते. धोक्याच्या ढिगातल्या कामांना आधी हार्डवेअरचं संरक्षण हवं, म्हणजे फ्लोट (पाण्याच्या पातळीवर तरंगणारा स्विच), थर्मोस्टॅट, एमसीबी, हाताचा स्विच, सॉफ्टवेअर त्यानंतर. गॅस गळती, दाराचं एकमेव कुलूप, आजारी माणसाचं यंत्र, या गोष्टी घरगुती प्रोग्रॅमच्या हवाली करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, मग प्रोग्रॅम विकतचा असो की स्वतःचा.

तपासा: ज्या वाक्यात "आणि", "पण", "नसेल तर" असे शब्द दोनपेक्षा जास्त वेळा आले, त्याखाली रेघ ओढा. तयार ॲपमध्ये अडकणारी वाक्यं हीच असतात.

## ३. एकच प्लग आणा आणि इंटरनेट तोडा

आता पहिली खरेदी. ज्या कंपनीची साधनं घ्यावीत असं वाटतंय तिचा एकच प्लग आणा, ॲपवर जोडा, एक वेळापत्रक लावा, आणि मग या क्रमानं परीक्षा घ्या.

पहिलं, फायबरची तार राउटरमधून काढा पण राउटर चालू ठेवा. ॲपमधून प्लग चालतो का? वेळापत्रक वेळेवर चालतं का? दुसरं, प्लगची वीज काढून पुन्हा द्या. तो चालू अवस्थेत उठतो, बंद, की आधी होता तसा? तिसरं, वीज काढा, तार तोडलेलीच ठेवा आणि वीज परत द्या. इंटरनेट नसताना पुष्कळ साधनांना उठल्यावर वेळच कळत नाही आणि वेळापत्रक गप्प बसतं. लाइट गेली की तासाभरानं लाइट येते आणि नेट मात्र अजून आलेलं नसतं. आपल्याकडे हे नेहमीचंच आहे, म्हणून ही तिसरी परीक्षा टाळू नका.

यातून कळतं नियम राहतो कुठे: साधनात, घरातल्या हबमध्ये (साधनांना जोडणारी आणि चालवणारी पेटी), की कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर. सर्व्हरवर राहत असेल तर कंपनी आहे तोवर तो नियम आहे. नेस्टनं विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्ह हबची सेवा मे २०१६ मध्ये बंद झाली आणि लोकांच्या हातात पैसे मोजून घेतलेला निरुपयोगी डबा उरला. इन्स्टिऑनचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेशिवाय बंद पडले; नंतर जुन्या ग्राहकांच्याच एका गटानं कंपनी घेऊन ते पुन्हा सुरू केले. असं नशीब दर वेळी नसतं.

बाजारातले बरेच स्वस्त प्लग आणि बल्ब, डब्यावर नाव काहीही असलं तरी, आतून तुया या चिनी कंपनीच्या व्यवस्थेवर चालतात. ते वाईट असतात असं नाही. फक्त डब्यावरच्या नावावरून निर्णय घेऊ नका. "मॅटर" हे चिन्ह असेल तर घरातल्या घरात, वेगवेगळ्या कंपन्यांच्या हबशी बोलण्याची सोय निदान मूळ कामांपुरती असते. हे मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, त्यामुळं जुन्या साठ्यातल्या मालावर ते मिळणार नाही.

सावधान: परदेशातल्या नातेवाइकांकडून झेड-वेव्ह (साधनांची एकमेकांशी बोलण्याची एक बिनतारी पद्धत) साधनं मागवू नका. भारतात झेड-वेव्ह ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, अमेरिकेत ९०८ च्या. दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. झिगबी ही तशीच दुसरी पद्धत २.४ गिगाहर्ट्झवर आहे, तिथं ही अडचण येत नाही.

## ४. आता ठरवा

"विकत" आणि "स्वतः" या दोनच वाटा आहेत असं समजून लोक चुकतात. प्रत्यक्षात चार पायऱ्या आहेत.

१. साधनासोबत येणारं फुकट ॲप, आणि त्यावर अलेक्सा किंवा गूगल होमची रूटीन.
२. पैसे देऊन घेतलेला हब किंवा सॉफ्टवेअर, ज्यात नियम घरातच चालतात: हुबिटॅट, होमी, होमसीअर यांसारखे. वायरमनच्या जागी इंटिग्रेटर येऊन पूर्ण घर करून देतो तोही यातच.
३. मुक्त स्रोत प्लॅटफॉर्म, आपण फक्त मांडणी आणि नियम करायचे: होम असिस्टंट, ओपनहॅब, डोमोटिक्झ. नियम चित्रासारखे जोडून बनवायला नोड-रेड त्यांच्या जोडीला.
४. पूर्ण स्वतःचं: सर्व्हर, डेटाबेस, ॲप आणि साधनातलं फर्मवेअर (साधनाच्या आतला प्रोग्रॅम) सुद्धा.

वहीत एकाही वाक्याखाली रेघ नसेल तर पहिली पायरी, विषय संपला. रेघा असतील पण घरात तांत्रिक माणूस नसेल, किंवा आहे पण महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असतो, तर दुसरी. संगणकाशी सलगी असेल आणि शनिवार-रविवारी त्यावर बसायला कंटाळा नसेल तर तिसरी.

चौथीवर थोडं थांबतो, कारण प्रोग्रॅमर मंडळी इथंच घसरतात. दिवा लावणारा प्रोग्रॅम एका संध्याकाळी होतो आणि त्यामुळं बाकीचंही होईल असं वाटतं. बाकीचं म्हणजे काय ते बघा: वाय-फाय तुटल्यावर साधनानं पुन्हा जोडणं, आज्ञा पोचली का याची खात्री, दोनदा पोचली तर काय, सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर घराची खरी स्थिती समजून घेणं, भिंतीवरचं बटण दाबलं गेलं तर ॲपला कळणं, आईच्या फोनवर चालणारी स्क्रीन, नोंदी, पासवर्ड, बॅकअप. होम असिस्टंट २०१३ पासून बनतंय आणि हजारो लोकांनी त्यात भर घातली आहे ती याच कंटाळवाण्या भागात. तो भाग पुन्हा लिहिण्यात शिकायला मिळेल, घर चालणार नाही.

माझा सल्ला असा: पाया तयार घ्या, आणि कोणीच विकत नाही असे दोन-तीन नियम स्वतः लिहा. आपल्या घरांत ते नियम बहुतेक वेळा पाणी आणि वीज यांचेच असतात.

खर्चाच्या रकान्यात साधनांची किंमत, वार्षिक वर्गणी आणि तुमचे तास, असे तिन्ही आकडे धरा. सतत चालणाऱ्या संगणकाची वीजही धरा. १० वॅटचा मिनी पीसी वर्षाला सुमारे ८८ युनिट खातो, तर माळ्यावरचा ६० वॅटचा जुना डेस्कटॉप ५२५ युनिट. "जुना पडूनच आहे, तोच लावू" हा विचार वर्षभरात महाग पडतो.

## ५. विकत घेत असाल तर सही करण्याआधी

इंटिग्रेटरकडून घेताना या गोष्टी कोटेशनवरच लिहून घ्या: ॲडमिनचा पासवर्ड घरमालकाकडे राहील, वायरिंगचा नकाशा मिळेल, इंटरनेट नसताना काय चालेल आणि काय नाही, हब बिघडला तर भिंतीवरचे स्विच चालतील, एएमसी (वार्षिक देखभाल करार) न घेतल्यास कोणती सोय बंद होईल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "तसं काही नाही हो" असं आलं तर तेच वाक्य कागदावर मागा.

सर्रास होणारी चूक म्हणजे खातं इंटिग्रेटरच्या किंवा त्याच्या हाताखालच्या पोराच्या ईमेलवर उघडलं जाणं. पोरगा नोकरी सोडून गेला की तुमच्या घराची किल्ली त्याच्याबरोबर जाते. घरासाठी वेगळा ईमेल काढा आणि सगळी खाती त्यावरच उघडा.

तपासा: त्याला पैसे देण्याआधी त्याच्यासमोर टप्पा ३ मधली परीक्षा पूर्ण घरावर घ्या.

## ६. स्वतः करत असाल तर पाया या क्रमानं घाला

राउटर. ईएसपी८२६६ आणि बहुतेक ईएसपी३२ या स्वस्त वाय-फाय चिपवरची साधनं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरनं दोन्ही पट्टे एकाच नावाखाली ठेवले असतील तर जोडणी करताना साधनं अडखळतात. घरातल्या साधनांसाठी २.४ चं वेगळं नाव द्या आणि ते नाव पुढं कधी बदलू नका. बदललंत तर प्रत्येक बोर्ड पुन्हा जोडत बसाल. फायबरसोबत आलेला राउटर वीस-पंचवीस साधनांनंतर कुरकुरायला लागतो, तेव्हा साधनं जास्त असतील तर वेगळा ॲक्सेस पॉइंट घ्या. राउटरला मिनी यूपीएस हवाच.

संगणक. रास्पबेरी पाय किंवा मिनी पीसी, पण साठवण एसएसडीवर. मेमरी कार्डवर सतत लिहिणं चालू असतं, त्यात लाइट जाणं-येणं. कार्ड कधीतरी दगा देतंच. हाही संगणक यूपीएसवर ठेवा.

पत्ते आणि नावं. राउटरमध्ये प्रत्येक साधनाचा आयपी पक्का करा. नावं खोली-वस्तू या धाटणीत ठेवा: स्वयंपाकघर-दिवा, बाथरूम-गिझर. "स्विच १", "नवीन स्विच", "स्विच १ खरा" अशी नावं पडली की सहा महिन्यांनी तुम्हालाच काही कळत नाही.

वेळ. टाइमझोन कोलकाता ठेवा, आणि फक्त एका ठिकाणी नाही: संगणकात, कंटेनरमध्ये (संगणकावर प्रोग्रॅम चालवायची वेगळी बंदिस्त जागा), नोड-रेडमध्ये आणि साधनाच्या फर्मवेअरमध्ये. कंटेनर मुळात यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो. सकाळी ६ ला लावलेला गिझर साडेअकराला लागला तर नियमात चूक शोधू नका. तो साडेपाच तासांचा फरक आहे.

बॅकअप. पहिला नियम लिहिण्याआधी बॅकअप चालू करा, आणि तो त्याच संगणकावर ठेवू नका. होम असिस्टंटचा बॅकअप कुलूपबंद असतो. त्याची किल्ली छापून कपाटात ठेवा.

सावधान: साधनात टास्मोटा किंवा ईएसपीहोम (तयार मिळणारी मुक्त फर्मवेअर) घालताना यूएसबी-सिरीयल (लॅपटॉपवरून साधनात प्रोग्रॅम भरण्याचा अडॅप्टर) जोडलेलं असताना २३० व्होल्टची वीज कधीही जोडू नका. अशा साधनांत आतलं सर्किट मेनपासून अलग नसतं. लॅपटॉप तर जाईलच, जिवालाही धोका आहे. सिरीयल अडॅप्टर ३.३ व्होल्टचा हवा. स्वतःचं रिले सर्किट बनवत असाल तर ईएसपी८२६६ च्या ०, २ आणि १५ या पिनांवर पंपाचा रिले जोडू नका. सुरू होताना या पिनांची पातळी ठरावीक असते, त्यामुळं रिले क्षणभर उडू शकतो.

## ७. एक नियम, पूर्ण

आता पंप. घराला खालची टाकी, गच्चीवर वरची टाकी. नवखा माणूस नियम लिहितो: "वरची टाकी रिकामी झाली की पंप चालू, भरली की बंद." हा नियम आठवडाभर झकास चालतो. मग एक दिवस नळाला पाणी येत नाही, खालची टाकी कोरडी पडते आणि पंप कोरडा फिरतो. किंवा सेन्सरची बॅटरी संपते, शेवटचा आकडा "२५ टक्के" तसाच राहतो आणि पाणी गच्चीवरून वाहतं.

लिहायला बसण्याआधी दोन मोजमापं घ्या. पहिलं, वरची टाकी तळापासून भरायला किती मिनिटं लागतात? समजा १८. दुसरं, पंपाचं पॅनेल कुठल्या जातीचं आहे? हिरवं-लाल बटण असलेल्या पॅनेलला नुसती वीज देऊन पंप सुरू होत नाही, स्टार्टचा ठोका द्यावा लागतो. साध्या स्विचवरचा पंप मात्र वीज आली की लगेच धावतो. दोन्हींची जोडणी वेगळी, त्यामुळं हे वायरमनकडून नक्की करून घ्या.

मग हार्डवेअर: खालच्या टाकीतला फ्लोट काँटॅक्टरच्या कॉइलच्या तारेत मालिकेत. पाणी संपलं की कॉइल सुटते, सॉफ्टवेअर काहीही म्हणो. फ्लोट मेनच्या व्होल्टेजसाठी बनवलेलाच घ्या. हाताचा स्विच वेगळा ठेवा, पण त्याची तारही फ्लोटमधूनच न्या.

आता सॉफ्टवेअर. सुरू करण्यासाठी या सगळ्या अटी एकाच वेळी खऱ्या हव्यात:

- वरची पातळी ३० टक्क्यांखाली, आणि सलग दोन मिनिटं
- खालच्या टाकीत पाणी आहे
- दोन्ही सेन्सरचा शेवटचा निरोप एका मिनिटाच्या आतला
- पंप बंद होऊन १५ मिनिटं झाली आहेत
- वीज येऊन ३ मिनिटं झाली आहेत
- "हातानं" मोड लावलेला नाही

बंद करायला यातली एकही पुरे:

- वरची पातळी ९० टक्क्यांवर
- खालचं पाणी संपलं
- कुठल्याही सेन्सरकडून एक मिनिट काही ऐकू आलं नाही
- पंप २५ मिनिटं चालला

सुरू करताना "आणि", बंद करताना "किंवा". ही एक गोष्ट जमली तर निम्मे अपघात टळतात. ३० आणि ९० मधलं अंतरही मुद्दाम आहे; दोन्ही आकडे जवळ ठेवले तर पाण्याच्या लाटेनं पंप चालू-बंद करत बसतो. अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरत असाल तर पाच-सात मोजणींतली मधली घ्या, आणि सेन्सर भरलेल्या पाण्यापासून निदान पाव मीटर उंच बसवा. जेएसएन-एसआर०४टी सारखे सेन्सर त्याहून जवळचं नीट मोजत नाहीत, नेमकी टाकी भरताना फसतात.

आता समजा पंप चालू असतानाच सर्व्हर मेला. २५ मिनिटांची मर्यादा सर्व्हरमध्ये असेल तर तीही त्याच्याबरोबर मेली. म्हणून ती मर्यादा साधनातच घाला. टास्मोटामध्ये पल्सटाइम ही आज्ञा आहे. ११२ पासून पुढच्या आकड्यातून १०० वजा केले की सेकंद मिळतात, म्हणजे १५०० सेकंदांसाठी १६००. पॉवरऑनस्टेट ० ठेवा, म्हणजे लाइट आल्यावर रिले बंदच उठेल. मुळात तो ३ वर, म्हणजे "आधी होता तसा" असतो, आणि पंपासाठी ते घातक आहे. ईएसपीहोममध्ये याच कामासाठी रिस्टोअर मोड "नेहमी बंद" करा.

सावधान: एमक्यूटीटी (साधनं आणि सर्व्हर यांच्यात निरोप नेणारी पद्धत) वापरत असाल तर आज्ञेच्या निरोपाला "रिटेन" लावू नका. रिटेन केलेली "चालू" ही आज्ञा ब्रोकर (निरोप इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्रॅम) जपून ठेवतो आणि साधन पुन्हा जोडलं गेलं की त्याला लगेच देतो. रात्री तीनला वाय-फाय लुकलुकलं आणि पंप धावला, या तक्रारीमागं बऱ्याचदा हेच असतं. रिटेन लावायचं असेल तर ते फक्त स्थिती सांगणाऱ्या निरोपाला.

पंपाचा करंट मोजणारं साधन बसवता आलं तर उत्तम. सेंट्रिफ्युगल पंप कोरडा पडला की करंट नेहमीपेक्षा खाली येतो. चार-पाच दिवस नोंदी बघा, नेहमीचा आकडा कळेल. त्याच्या बराच खाली सलग दहा सेकंद राहिला तर पंप बंद करा आणि निरोप पाठवा. फ्लोट अडकला तरी हा दुसरा पहारेकरी जागा असतो.

तपासा: पंप चालू असताना एकेक गोष्ट मुद्दाम मोडा. सेन्सरची वायर काढा. सर्व्हर बंद करा. राउटर बंद करा. मेन पाडून पुन्हा चढवा. प्रत्येक वेळी पंप बंद झाला पाहिजे (सर्व्हर किंवा राउटर बंद केला असेल तर उशिरात उशिरा साधनातल्या २५ मिनिटांच्या मर्यादेला), आणि आपोआप पुन्हा सुरू होता कामा नये जोवर वरच्या सहाही अटी जुळत नाहीत.

## ८. आधी नुसतं बोलू द्या

नवा नियम लिहिला की पहिला आठवडा त्याच्या हाती रिले देऊ नका. "आता मी पंप सुरू केला असता" एवढाच निरोप फोनवर येऊ द्या. पाणी दिवसाआड येत असेल तर किमान दोन आठवडे. चुकीचे निरोप याच काळात दिसतात: पहाटे दोनचा, किंवा टाकी भरताना तीनदा आलेला.

मग एकेक नियम चालू करा. पाच नियम एकदम चालू केले आणि घर वेडं वागलं तर कुठला नियम वेडा हे सापडत नाही. दोन नियम एकच वस्तू चालवत असतील तर ते एकत्र करा. "सूर्यास्ताला दिवा लाव" आणि "कोणी नसेल तर दिवा बंद कर" हे दोघं एकमेकांशी रात्रभर भांडू शकतात.

भिंतीवरचा स्विच नेहमी चालला पाहिजे आणि माणसानं दाबलेलं बटण नियमावर भारी पडलं पाहिजे. घरातले नाराज होतात ते दिवा आपला आपण विझतो म्हणून. एसीचा आयआर ब्लास्टर (रिमोटसारखे सिग्नल पाठवणारं साधन) फक्त एकतर्फी बोलतो. कोणी रिमोटनं एसी लावला तर सॉफ्टवेअरला कळत नाही. एसी खरंच चालू आहे का हे करंटवरून बघा.

## ९. बाहेरून पोहोच

राउटरवर पोर्ट उघडून (म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट देऊन) घराची कंट्रोल स्क्रीन जगासमोर ठेवू नका. बऱ्याच फायबर जोडण्यांवर तुम्हाला स्वतंत्र आयपी मिळतही नाही, तेव्हा पोर्ट उघडूनही काही होत नाही आणि लोक दोन दिवस राउटरशी झगडत राहतात. वायरगार्ड या सुरक्षित खासगी जोडणीवर चालणारी टेलस्केलसारखी सेवा वापरा, किंवा होम असिस्टंटची नाबू कासा वर्गणी घ्या.

## १०. चालू ठेवणं

अपडेट येतं म्हणून लगेच दाबू नका. होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याला येते. पहिली सोडा, दुरुस्तीची एखादी येऊ द्या, बदलांची यादी वाचा, बॅकअप घ्या, मग शनिवारी सकाळी करा. पाहुणे यायच्या संध्याकाळी कधीच नाही. आणि वर्षातून एकदा तरी बॅकअप दुसऱ्या डिस्कवर उतरवून बघा, कारण न उतरवलेल्या बॅकअपवर भरवसा नाही.

डीबीच्या दाराच्या आत एक कागद चिकटवा. त्यावर एवढंच: कुठला एमसीबी पाडला की ऑटोमेशन पूर्ण बंद होतं, पंपाचा हाताचा स्विच कुठे आहे, गिझर सरळ कसा लावायचा, आणि वायरमनचा नंबर. तो कागद तुम्ही समोर नसताना घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचून एकदा करून बघायला लावा. जिथं अडेल ते वाक्य बदला.

घर भाड्यानं देताना किंवा विकताना साधनं भिंतीतच राहतात. प्रत्येक साधन आधी तुमच्या खात्यातून काढा, मग बटण दाबून मूळ स्थितीत आणा. नुसतं ॲप काढून टाकलं तर नव्या माणसाला ते जोडता येत नाही, आणि त्याच्या हॉलमधला दिवा तुमच्याच फोनवर दिसत राहतो.